आसरांसाठी सोडलेला डोळा

कामाला बसण्याआधी सहादेवतात्या टोपी काढून झटकायचे आणि पुन्हा घालायचे. टोपीवर धूळ असो नसो.

सुतळीचं टोक जिभेवर ओलं करायचे. दातांनी सुतळी कधी तोडायचे नाहीत.

जाळी जमिनीवर पसरलेली असली तर ओलांडायचे नाहीत. शेडच्या दुसऱ्या टोकाला पाणी प्यायला जायचं असलं तरी भिंतीच्या कडेने वळसा घालून जायचे.

काम ‘संपलं’ असं म्हणायचे नाहीत. ‘झालं म्हनायचं’ असं म्हणायचे.

भाकरीचा शेवटचा तुकडा मुठीत ठेवायचे आणि शेडमागच्या हौदात टाकायचे. त्या हौदात मासे नव्हते. मी एकदा तसं सांगितलं. ते म्हणाले, “ठाव हाय.”

कोल्हारकडून येणारी एसटी रस्त्याने गेली की मान वर करायचे. ती थांबणारी नसली तरी.

झोपताना तोंडावर पांघरूण घ्यायचे नाहीत. थंडीतही नाही. तोंड मेलेल्याचं झाकतात, म्हणायचे.

हे सगळं मी मुद्दाम पाहून ठेवलं नव्हतं. शेजारी बसून काम करताना डोळ्यांखालून गेलं होतं. आता एकेक करून आठवतं आहे.

तात्या कोल्हारचे. भोई. प्रवरेत मासे धरायचे आणि जाळी विणायची हा घरातला जुना धंदा. पुढे नदीत पाणी कमी राहू लागलं. कालव्याने ते देवळालीच्या आणि आमच्या बेलापूरच्या उसाला जाऊ लागलं. आमच्या वडिलांचाही थोडा ऊस आहे. ओळख झाली त्या दिवशी मी गाव सांगितलं, तेव्हा तात्या हसून म्हणाले, “म्हंजी आमचे मासे तुमच्या उसात शिरले म्हना की.”

मी त्या वर्षी, एकाहत्तर साली, इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. नगरजवळ भिंगारला, छावणीच्या अलीकडे, एका ठेकेदाराची पत्र्याची शेड होती. तिथे लष्करासाठी जाळ्या तयार होत. तोफांवर आणि गाड्यांवर पसरायच्या जाळ्या. दोरीची मोठी जाळी लाकडी चौकटीवर ताणून बांधायची आणि तिच्या एकेका डोळ्यातून, म्हणजे भोकातून, रंगवलेल्या तरटाच्या पट्ट्या ओवून गाठी मारायच्या. हिरव्या, तपकिरी, मातकट. वरून बघणाऱ्याला खाली झुडूप आहे असं वाटलं पाहिजे. तयार मालाला इंग्रजीत चिठ्ठी लावायची, ते काम मला मिळालं. चिठ्ठ्या लिहून हात रिकामा राही. मग मीही पट्ट्या ओवायला बसे. तात्यांच्या शेजारी जागा होती.

शेडमध्ये मला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘बीए’ म्हणायचे. हे नाव कडूबाईने ठेवलं. कडूबाई भिंगारचीच, पन्नाशीची, पट्ट्या रंगवायच्या टाकीवर असायची. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे. “बीए झाला आन् तरटाला लागला,” ती म्हणायची. “आमी न शिकता लागलो. आमचं तेवढं वाचलं.”

माल तपासायला थॉमस हवालदार होते. नगरचेच ख्रिस्ती. पलटणीतून निवृत्त होऊन ठेकेदाराकडे आलेले. त्यांची तपासायची स्वतःची रीत होती. अंगणात एक मोडकी बैलगाडी उभी केली होती. तयार जाळी ते तिच्यावर पसरायला लावत. मग शिडीने पत्र्यावर चढत आणि डोळे बारीक करून खाली बघत. चाकाच्या कडेची लोखंडी धाव चमकली, की जाळी परत. वरूनच ओरडायचे, “कॅमफ्लाज नहीं हुआ!”

तो शब्द शेडमध्ये रोज ऐकू यायचा. बायका त्याला कामफास म्हणायच्या. एकदा कडूबाईने रंगवलेल्या पट्ट्यांची जाळी परत आली. रंग फिका होता. ती चिडली.

“काम आमचं आन् फासबी आमालाच.”

तात्यांनी मला विचारलं, “बीए, ह्यो शबुद हाय तरी कुठला?”

मला माहीत नव्हतं. इंग्रजी म्हणून मोकळा झालो असतो. पण तात्यांनी विचारल्यावर तसं सांगवेना. शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो आणि मोठा कोश काढून बघितला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सांगायला बसलो. सगळे गोळा झाले.

मी सांगितलं, की हा शब्द इंग्रजीत जुना नाही. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांकडून आला. त्यांनी तेव्हा चित्रकारांना तोफा रंगवायला नेलं होतं. फ्रेंचांत तो आधी वेश बदलण्यासाठी, तोंड रंगवण्यासाठी वापरत. त्याच्या मागे इटलीतला एक शब्द असावा. त्याचा अर्थही सोंग घेणं, झाकणं. पण काही जाणकार वेगळं सांगतात. ते म्हणतात, फ्रेंचांत एक खोडी होती. कागदाची सुरळी करायची, पेटवायची आणि झोपलेल्याच्या नाकात धूर फुंकायचा. त्या खोडीचं नाव या शब्दाच्या जवळचं आहे.

“म्हंजी एवढी सरकारी जाळी,” तात्या म्हणाले, “आन् नाव नाकात धूर?”

“मी आज करून बघते,” कडूबाई म्हणाली. “आमचा म्हातारा लई घोरतो.”

“करू नको. लढाई तुझ्याच घरात सुरू होईल,” थॉमस हवालदार म्हणाले. मग ते जरा गंभीर झाले. “त्या धुराच्या नावाचा एक सुरुंग पण असतो, बीए. मी सुरुंगवाल्या पलटणीत होतो. तो जमिनीच्या आत खोल फुटतो. आतली माणसं गुदमरतात. वर काही दिसत नाही. गवत पण हलत नाही.”

कोशात तेही होतं. मी वाचलं होतं, पण सांगायचं टाळलं होतं.

तात्या थोडा वेळ पट्टी बोटांना गुंडाळत बसले. मग म्हणाले, “आमच्यात एवढं लांबचं न्हाई. आमचे दोनच शबुद. लपनं आन् झाकनं. मासा लपतो. त्यो त्याच्या मनानं बाहीर येतो. झाकलेलं तसं येत न्हाई. झाकनाऱ्यानंच उघडायला लागतं.”

“लिहून घे, बीए,” कडूबाई म्हणाली. सगळे हसले. तात्याही हसले.

तात्यांचा मुलगा तोफखान्यात होता. भीमा. एकच मुलगा. दोन वर्षांपूर्वी भरती झाला. घरी तात्या आणि साळूबाई. तात्या नगरला आल्यावर साळूबाई एकटीच. भीमाने प्रवरेत कधी जाळं टाकलं नाही. टाकायला नदीच उरली नव्हती. एकदा रजेवर आला तेव्हा तो शेडमध्ये आला होता. मी तेव्हा नव्हतो. कडूबाईने सांगितलं. तो चौकटीखाली जाऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, “बाबा, सावली बरी पडती.” एवढंच.

दिवाळीनंतर मोठ्या तोफांच्या जाळ्यांचं काम आलं. लढाई होणार असं सगळे बोलत होते. रात्रपाळी सुरू झाली. तात्यांनी हवालदारांना सांगून मोठ्या जाळीचं काम मागून घेतलं.

“ह्यातली एखादी भीमाच्या तोफेवर जाईल का हो?”

“जाऊ पण शकते,” हवालदार म्हणाले. “कोणती कुठे जाते ते देवबापाला माहीत.”

तात्यांना तेवढं पुरलं. त्यानंतर ते प्रत्येक जाळी भीमासाठीच विणत होते. तसं बोलून दाखवलं नाही. पण पट्टी घट्ट बसली की नाही हे अंगठ्याने दोनदा दाबून बघू लागले.

पहिली मोठी जाळी तयार झाली. बैलगाडीवर पसरली. हवालदार पत्र्यावर चढले.

“चमकलं!”

आम्ही सगळे वर बघू लागलो. तात्यांची जाळी कधी परत आली नव्हती. हवालदार खाली उतरले, जाळीत शिरले आणि त्यांनी एका जागेतून हाताचा पंजा वर काढला. तिथे पट्टी नव्हती. डोळाही इतरांपेक्षा मोठा होता. दोन डोळे एक केलेले. बरोबर खाली चाकाची धाव होती.

“सहादेव, हा राहिला काय रे?”

“राहिला न्हाई. ठेवलाय.”

“ठेवलाय?”

“आसरांचा हाय.”

हवालदारांना कळलं नाही. कडूबाईला कळलं. ती टाकीपासून उठून आली.

तात्यांनी सांगितलं. नदीच्या डोहात साती आसरा असतात. पाणी त्यांचं, मासे त्यांचे. भोई जाळं विणतो तेव्हा एक डोळा त्यांच्यासाठी उघडा सोडतो. तिथून एखादा मासा परत जातो. त्यांचं त्यांना मिळतं. सगळे डोळे बंद केलेलं जाळं पाण्यात टाकलं, तर आसरा त्याच्या बदल्यात त्या घरचं माणूस नेतात.

“अरे, पण ही माशाची जाळी आहे का? इथे पाणी कुठाय?”

“जाळी ती जाळी, साहेब. हात माजाच हाय.”

“आजपर्यंतच्या सगळ्यांत सोडलास?”

“सगळ्यांत. कडंला सोडायचो. तिथं चाक न्हाई येत. ही मोठी, हिची कड चाकावर आली.”

हवालदारांनी कपाळाला हात लावला. आम्ही कोणी हसलो नाही. तात्या पुढे बोलत राहिले. त्यांच्या चुलत्याने एकदा नवं जाळं घाईत बंद केलं होतं. कोणीतरी म्हणालं होतं, मोठा मासा निसटतो. त्याच आषाढात त्याचा मुलगा डोहात गेला. पोहणारा मुलगा. प्रेत पुलाखाली निघालं.

“मी तवा ल्हान हुतो. पर चुलती काय बोलली ते मी ऐकलंय. ती म्हनली, तुमी डोळा मिटला आन् माजं लेकरू गेलं.”

हवालदार गाडीच्या जुवावर बसले. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“सहादेव, माझं पण ऐक. मी पलटणीत होतो. विमानातून माणूस दिसत नाही. तोफ पण दिसत नाही. फक्त चकाकी दिसते. एकदा दिसली की पुरे. मग तो परत येतो आणि तिथेच टाकतो.” त्यांनी त्या उघड्या जागेकडे बोट केलं. “आता या भोकाखाली तुझा पोरगा उभा आहे असं समज. मी तुला दुसरं काही सांगत नाही.”

तात्यांनी जाळी उचलून परत चौकटीवर नेली. ती भिंतीच्या कडेने नेली. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यासमोर नुसते बसून राहिले. दुसऱ्या जाळीला हात लावला नाही. मी शेजारी होतो. मी पट्ट्या ओवत राहिलो. पुस्तकांत माणसं अशा वेळी काहीतरी बोलतात.

कडूबाई जाताना म्हणाली, “दादा, चतकोर भाकर टाका हौदात. आसरांना तेवढं चालतं.”

“टाकतोच की रोज,” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले होते. डोळा बंद झाला होता. वर हिरवी पट्टी बसली होती. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

“नदी लांब हाय. विमान जवळ हाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “गाठ उलटी मारलीय. उजव्याची डावीकडून. माजं मन नव्हतं, एवढं त्यांना कळावं.”

हवालदार पत्र्यावरून म्हणाले, “पास.” मी चिठ्ठी लिहिली.

त्यानंतरच्या सगळ्या जाळ्या तात्यांनी बंद केल्या. प्रत्येकीत एक गाठ उलटी.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. नगरला रस्त्यावरचे दिवे बंद असत. खिडक्यांना काळा कागद लावायचा. शेडचीही फटी-छिद्रं तरटाने बुजवली. कडूबाई म्हणाली, आता आपलीच कामफास झाली. आम्ही आत कंदिलाला कागदाची टोपी घालून काम करायचो. तात्या रेडिओ ऐकायला चौकातल्या पानाच्या टपरीपर्यंत जायचे. त्यांना हिंदी बातम्या कळायच्या नाहीत. ते नुसते माणसांच्या तोंडाकडे बघायचे.

लढाई संपली. आपण जिंकलो. शेडमध्ये पेढे वाटले. ठेकेदाराने प्रत्येकाला नारळ दिला. तात्यांनी त्यांचा नारळ फोडला नाही. भीमा आल्यावर नदीला द्यायचा, म्हणाले. टोपीसारखा तो झटकून त्यांनी पिशवीत ठेवला.

दोन-चार दिवसांनी दुपारी साळूबाई आल्या. मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. कोल्हारच्या एसटीने आल्या होत्या. ती गाडी रस्त्यावर दिसली तेव्हा तात्यांनी मान वर केली होती. गाडी थांबली, तेव्हा ते उठले.

साळूबाईंनी पदराच्या गाठीतून तार काढली. घडी मोडलेली नव्हती.

“पोस्टमन देऊन गेला. वाचू का म्हनला. मी म्हनलं नगं. गावात कुनालाच दावली न्हाई. वाचली की खरी हुती.”

तात्यांनी ती माझ्या हातात दिली. कडूबाई, हवालदार, सगळे जवळ आले. गावाकडे तार म्हणजे एकच गोष्ट असते. साळूबाईंचा एक हात दुसऱ्या हातातल्या बांगड्यांवर होता.

तार इंग्रजीत होती. लहान होती. मी ती दोनदा वाचली.

“गेला असं लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग?”

“मिसिंग. म्हणजे… बेपत्ता आहे.”

“पत्ता न्हाई म्हंजी?” साळूबाई म्हणाल्या. “पत्ता हाय की त्याचा. पाकिटावर असतो.”

“सापडत नाही असं लिहिलंय, मावशी.”

मी तीन वर्षं हीच भाषा शिकलो होतो. त्या एका शब्दाच्या आत आणखी काही आहे का, म्हणून मी परत बघितलं. नव्हतं.

तात्या पुढे आले. त्यांनी साळूबाईंचा हात बांगड्यांवरून काढला.

“लपला आसंल,” ते म्हणाले. “येईल त्याच्या मनानं बाहीर.”

हवालदार म्हणाले, कैदी झाला असेल. कैद्यांची नावं हळूहळू कळतात. ते त्याच संध्याकाळी कॅम्पातल्या ओळखीच्या माणसाकडे गेले. मी लष्कराच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं. नम्र, बिनचूक पत्र. उत्तर आलं. तेही नम्र होतं. तारेत होतं तेच त्यात होतं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं. इकडून तिकडून कैद्यांची नावं कानावर येत होती. हवालदार प्रत्येक नाव विचारून येत. भीमाचं नाव त्यात नव्हतं.

तात्या रोज कामावर येत राहिले. तशीच टोपी झटकायचे, तसंच टोक जिभेवर ओलं करायचे. नवीन माणूस आला असता तर त्याला काही दिसलं नसतं. मला हवालदारांचा तो सुरुंग आठवायचा. 

होळीच्या सुमारास जाळ्या परत येऊ लागल्या. सीमेवरून आलेल्या. दुरुस्त करून पुन्हा द्यायच्या. ट्रक येऊन अंगणात ढीग टाकून जाई. त्यांना निराळाच वास होता. वाळूचा, तेलाचा, जळक्या तरटाचा. कित्येक फाटलेल्या. काहींत बाभळीच्या काट्या अडकलेल्या. एकीत माणसाची एक चप्पल निघाली. कडूबाईने ती धुतली आणि भिंतीशी ठेवून दिली.

तात्या दुरुस्ती करत नव्हते. ते शोधत होते. प्रत्येक जाळी पसरायचे, गुडघ्यांवर बसून कडेकडेने पुढे सरकायचे आणि बोटांनी गाठी चाचपायचे. ठेकेदाराने एकदा विचारलं, हा काय करतो? हवालदार म्हणाले, “माल बघतोय. मीच सांगितलंय.” हवालदार खोटं बोलत नसत.

एका दुपारी तात्यांनी मला हाक मारली. “बीए, इकडं ये.”

त्यांचं बोट एका हिरव्या पट्टीवर होतं. गाठ उलटी होती.

“ही पयली,” ते म्हणाले. “ज्या डोळ्यापाशी दिवसभर बसलो हुतो ना, ती ही. मोठा डोळा.”

मी जाळी बघितली. ती कुठेच फाटलेली नव्हती. जळलेली नव्हती. एक पट्टी सुटलेली नव्हती. वाळू झटकली असती तर नवी म्हणून पुन्हा पाठवता आली असती. तात्यांनी हवालदारांना बोलावलं.

“साहेब, ही कुठल्या तोफंवर हुती?”

“ते कळत नाही, सहादेव.”

“कुनाच्या पलटनीत?”

“नाही कळत. ढीग करून आणतात. सगळ्या एकात.”

“ही धड हाय. मंग हिच्याखालचं बी धड आसंल का?”

हवालदार टोपी काढून हातात धरून उभे राहिले. पत्र्यावरून त्यांना एवढीशी धाव दिसायची. इथे त्यांना काही दिसत नव्हतं. मलाही नाही.

तात्या जाळीपाशी बसले. गाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “आपन लई चांगलं झाकलं.”

“कोणाला, तात्या?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“इतकं झाकलं की आता कुनालाच सापडंना. लपला असता तर आला असता ना आतापोतर. लपला न्हाई त्यो. आपन झाकलाय. आता त्याला त्याच्या मनानं येता येत न्हाई.”

“तसं नसतं, तात्या.”

“मग कसं असतं? तू सांग. तू शिकलायस.”



त्यांनी जाळी उचलून चौकटीवर बांधली आणि ती गाठ सोडली. घाई केली नाही. नखाने आधी सैल केली, मग ओढली. पट्टी काढून गुंडाळली आणि चौकटीच्या खिळ्याला अडकवली. डोळा उघडा झाला. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यातून खाली फरशीवर पडलं. तात्यांनी त्या उन्हाकडे बघितलं. मग उठले, पिशवीतला नारळ काढला, मागच्या हौदापाशी गेले आणि तो न फोडताच पाण्यात सोडला. तो तरंगत राहिला.

त्या दिवसापासून ते त्याच जाळीपाशी बसायचे. तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस हवालदारांनी वेळ दिला. मग ठेकेदार आला. ट्रक भरायचा होता. पूर्ण जाळी एका भोकासाठी अडून राहिली होती.

“हे बंद का नाही?”

“उद्या मारतो गाठ,” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तसंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने सांगितलं, की सोमवारी जाळी तयार नसली तर तात्यांनी कोल्हारला जावं. आवाज चढवला नव्हता. त्याचीही वर कुठेतरी बोलणी ऐकून झाली असतील. हवालदार मध्ये पडले. मीही दोन शब्द बोललो. आमच्या बोलण्याचा काही उपयोग नव्हता.

शनिवारी निघताना मी तात्यांना विचारलं, “काय करायचं ठरवलंय?”

“बंद केला तर त्यो तसाच ऱ्हानार. उघडा ठिवला तर दुसऱ्या कुनाचं तरी पोरगं उभं ऱ्हानार त्याच्याखाली.” त्यांनी खिळ्याची पट्टी काढली, टोक जिभेवर ओलं केलं, परत अडकवली. “त्याचीबी आई आसंल ना.”

“मग?”

“उद्या आइतवार हाय. बघू. तू जा, गाडी चुकंल.”

मी बेलापूरला गेलो. सोमवारी आलो तेव्हा फाटकाशी कडूबाई उभी होती. तिने रंगाचे हात पुसले नव्हते. ती काही बोलायच्या आधीच मला कळलं. तात्या रविवारी शेडमध्येच राहिले होते. सोमवारी सकाळी कडूबाई पाणी भरायला आली, तेव्हा चौकटीला पाठ टेकून बसलेले दिसले. तिने हाक मारली. “दादा, ऊन आलं की.” डॉक्टरने बघून सांगितलं, हृदय बंद पडलं. काही त्रास झाला नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

ठेकेदाराच्या ट्रकमधून आम्ही त्यांना कोल्हारला नेलं. त्याच ट्रकमध्ये जाळ्या जाणार होत्या. मी आणि हवालदार मागे बसलो. दुसरं काही नव्हतं म्हणून तात्यांच्या अंगावर शेडमधलं तरट टाकलं होतं. हिरवं. साळूबाई ओट्यावर होत्या. त्या रडल्या नाहीत. जवळ आल्या आणि त्यांनी ते तरट तोंडावरून खाली ओढलं.

“ह्यांना चालत न्हाई,” त्या म्हणाल्या.

नदीला घोट्याएवढंही पाणी नव्हतं. वाळूतच सगळं केलं. पाणी द्यायला मुलगा लागतो. कोणी तसं मोठ्याने म्हणालं नाही. चुलत्याच्या घरातल्या एकाने मडकं घेतलं. साळूबाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, “भीमाला कसं कळवायचं, भाऊ? पत्र लिव्हशील?” मी हो म्हणालो. पत्ता मला माहीत आहे. पाकिटावर असतो.

परत आलो तेव्हा जाळी चौकटीवर तशीच होती. ठेकेदाराने कडूबाईला सांगितलं, एक गाठ तर आहे, मारून टाक. ती म्हणाली, “माजे हात रंगाचे हायेत.” दुसऱ्या बाईला सांगितलं. तिने न ऐकल्यासारखं केलं. शेवटी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठी लिहायला घेतली होती. ती कोरीच आहे.

हवालदार आज सकाळी पत्र्यावर चढले नाहीत. बैलगाडी रिकामी उभी आहे. चौकटीवर तात्यांच्या बाजूला तो डोळा उघडा आहे आणि दुपारचं ऊन त्यातून खाली पडलं आहे. शेजारच्या खिळ्याला हिरवी पट्टी अडकवलेली आहे. जिभेवर ओलं केलेलं तिचं टोक वाळून ताठ झालं आहे. ती ओवायची आणि एक गाठ मारायची, एवढंच काम राहिलं आहे.